कॅम्पातली सावली कुणाच्या नावावर?

एप्रिलच्या दुपारी बेळगावच्या बोगारवेशीतून, म्हणजे आताच्या धर्मवीर संभाजी चौकातून, कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, दिशेनं चालायला लागलं की थोड्याच वेळात डोक्यावरचं ऊन उतरतं. रिक्षांची गर्दी आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता मागे पडतो. दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडलेल्या दिसतात. पहाटे साडेपाचपासून इथं माणसं फिरायला येतात. शहापूरचे विणकर येतात, टिळकवाडीतले निवृत्त मास्तर येतात, गुडघे धरत चालणाऱ्या आज्या येतात, भरतीच्या तयारीसाठी पळणारी खानापूर-चंदगडकडची पोरं येतात. यांतल्या कुणालाही विचारा, ही झाडं कुणाची? उत्तर एकच मिळतं, ‘मिलिटरीची.’

हे उत्तर आता फार दिवस पुरणार नाही. छावण्यांमधली नागरी वस्ती लष्करापासून वेगळी काढून शेजारच्या पालिकेत घालायची, असं धोरण संरक्षण मंत्रालयानं आखलं आहे. एप्रिल २०२३मध्ये हिमाचलातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. ज्या छावण्यांचं असं विलीनीकरण करायचं ठरलं, त्यांत बेळगावचंही नाव आहे. कॅम्पात राहणाऱ्या बऱ्याच लोकांना हे हवंच आहे आणि त्यांची बाजू मला पटते. घराची साधी डागडुजी करायची म्हटली तरी नियमांचा डोंगर उभा राहतो, आणि राज्य सरकारच्या कितीतरी योजना महापालिकेच्या हद्दीशी येऊन थांबतात. त्यांना रस्ता, पाणी, घरकुल मिळालं पाहिजे, याबद्दल दुमत असायचं कारण नाही.

पण वस्तीबरोबर जमिनीचा प्रश्नही येणार आहे, आणि त्यावर अजून कुणी धड बोलत नाही. माझं म्हणणं एकच आहे. आज ना उद्या लष्कराच्या वापरातून जी मोकळी जमीन सुटेल, ती सार्वजनिक बाग म्हणून कायद्यानं बांधून घ्यावी; आणि हे काम ती जमीन सुटण्याच्या आधी करावं. सुटल्यावर ते होत नाही.

एक साधा हिशेब मांडतो. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती, छावणीत जेमतेम १९ हजार. केंद्र सरकारची नगरनियोजनाची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं सांगतात. दहानं धरलं तरी बेळगावला साधारण बाराशे एकर लागतात, तेही दीड दशकापूर्वीच्या लोकसंख्येला. आता आपल्याकडच्या बागा आठवून पाहा. शहापुरातलं शिवाजी उद्यान, किल्ला तलावाचा काठ, उपनगरांतले काही तुकडे, ज्यांत पेव्हर ब्लॉक जास्त आणि माती कमी. बाराशे एकर सोडा, त्याच्या जवळपास जाण्याइतकी जागाही महापालिका कधी विकत घेऊ शकणार नाही. बेळगावाला खरोखर सावली मिळते ती कॅम्पातून, टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोच्या, म्हणजे जुन्या लस संस्थेच्या, आवारातून आणि गोल्फ मैदानाच्या झाडीतून. यांतली एकही जागा बाग म्हणून राखलेली नव्हती. वेगवेगळ्या कारणांनी तिथं बांधायला मज्जाव होता, म्हणून ती वाचली.

ऑगस्ट २०२२ आठवतोय ना? जाधवनगरात बिबट्या दिसला, मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. वीसहून जास्त शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलहून हत्ती आणून झाडी पिंजून काढली. बिबट्या काही सापडला नाही. शहराच्या मधोमध बिबट्याला लपता येईल एवढं रान आहे, हे कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. आणि पुढच्याच आठवड्यात झुडपं साफ करा, जागा मोकळी करा, असा सूर निघाला. शाळकरी पोरांच्या आईबापांची भीती मी समजू शकतो. तरीही जागा मोकळी झाली की तिचं पुढं काय होतं, हेही आपण पाहिलेलं आहे. वॅक्सिन डेपोत स्मार्ट सिटीची कामं शिरली तेव्हा वृक्षप्रेमींना आणि रोज फिरायला येणाऱ्यांना उठून विरोध करावा लागला. तो विरोध उभा राहिला म्हणून निदान प्रश्न तरी विचारला गेला. दर वेळी माणसांनी झाडाला मिठी मारून उभं राहायचं, ही काही व्यवस्था नव्हे.

कायदा आधी हवा, असं मी म्हणतो त्याला आधार आहे तो सान फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओचा. १७७६ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेला हा लष्करी तळ पुढं मेक्सिकोकडे आणि १८४६नंतर अमेरिकी लष्कराकडे गेला. समुद्रकाठची, गोल्डन गेट पुलाला लागून असलेली सुमारे १४९० एकर जागा. तिथल्या एका एकराचा भाव काय असेल, याची कल्पना करा. आज ती सगळी जागा लोकांना खुली आहे. हे आपोआप घडलं नाही. फिलिप बर्टन नावाच्या लोकप्रतिनिधीनं १९७२ सालीच राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात एक कलम घालून घेतलं होतं: लष्कराला हा तळ नकोसा होईल तेव्हा तो उद्यानाकडे जाईल. तेव्हा तळ गजबजलेला होता, लष्कर जाणार असं कुणाच्या मनातही नव्हतं. तळ बंद करायचा निर्णय सोळा-सतरा वर्षांनी झाला आणि १९९४मध्ये लष्कर प्रत्यक्ष बाहेर पडलं. त्या दिवशी जमिनीवर डोळा असणारे कमी नव्हते, पण जमीन कुणाकडे जायची ते बावीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

पुढचा भागही शिकण्यासारखा आहे. एवढी बाग चालवायची कशी, या प्रश्नावर १९९६मध्ये एक स्वतंत्र न्यास नेमला गेला आणि २०१३पर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहा, अशी अट त्याला घातली. न्यासानं जुनी अधिकारी निवासं, बराकी, कचेऱ्या दुरुस्त करून भाड्यानं दिल्या आणि त्या भाड्यावर बाग चालते. नवं बांधकाम करायचंच तर ते पाडलेल्या इमारतीच्या बदल्यात आणि साधारण तेवढंच, असं बंधन कायद्यातच आहे. जुन्या लष्करी इस्पितळाच्या जागी चित्रपटांच्या तंत्रकामाचं मोठं केंद्र २००५मध्ये उभं राहिलं, पण गवताचा पट्टा आणि झाडी जिथल्या तिथं राहिली. क्रिसी फील्ड नावाची जुनी धावपट्टी होती, तिचं डांबर उखडून तिथं पुन्हा खाडीची दलदल तयार केली. आता तिथं पक्षी उतरतात.

हे सगळं नीट झालं नसतं तर काय झालं असतं, त्याचा नमुनाही त्याच कॅलिफोर्नियात आहे. एल टोरो हा अमेरिकी मरीन दलाचा विमानतळ १९९९मध्ये बंद झाला, लोकांनी मतदान करून तिथं भव्य उद्यान मागितलं, आणि २००५मध्ये जमीन लिलावात एका बांधकाम कंपनीला गेली. बागेचा खर्च घरांच्या विक्रीतून निघणार होता. मंदी आली, बाग रखडली, आणि पुढं घरं मात्र उभी राहत गेली.

इथं कुणी म्हणेल, अमेरिकेचं आम्हाला काय सांगता? मग कलकत्त्याला या. नव्या फोर्ट विल्यमच्या तोफांसमोर आडोसा नको म्हणून अठराव्या शतकात इंग्रजांनी किल्ल्याभोवतीचं जंगल तोडून मैदान केलं. ते मैदान आजही लष्कराच्या ताब्यात आहे आणि तरी तिथं सकाळी शेकडो पोरं फुटबॉल खेळतात, मेंढ्या चरतात, सभा होतात. मुंबईतही तसंच. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही सगळी जुन्या कोटासमोरच्या मोकळ्या पट्ट्याची उरलेली चिंधी. १८६०च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या आणि त्या पट्ट्याचा बराचसा भाग इमारतींखाली गेला. जो उरला त्यावर आज अर्धी मुंबई क्रिकेट खेळते. कलकत्त्याचं उदाहरण मला बेळगावसाठी जास्त जवळचं वाटतं, कारण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सातबारावर कुणाचं नाव आहे हा प्रश्न दुय्यम आहे. लोकांना आत जाता येतं का आणि कुणालाही बांधता येत नाही का, एवढं पाहायचं. मालकी लष्कराची राहू दे, काही बिघडत नाही.

आपल्याकडे याचा छोटा नमुना रोज संध्याकाळी दिसतो. काँग्रेस रोडवरचं मिलिटरी महादेव. देऊळ लष्कराचं, बाग लष्कराची, पण पोरांना घेऊन कोण जातं? आपणच. तिथली हिरवळ नेहमी कापलेली असते, नळ गळत नाही, आणि कुणी ‘आत येऊ नका’ म्हणत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर भलता अर्थ निघेल. मराठा लाइट इन्फंट्रीनं बेळगाव सोडावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. पलटणीचं केंद्र शंभर वर्षांपासून इथं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातली पोरं इथं येऊन शिपाई होतात आणि पहिल्या महायुद्धातल्या शरकतच्या लढाईच्या स्मारकासमोर त्यांच्या आईबापांचे डोळे भरून येतात. माझे काका याच पलटणीत सुभेदार होते. डिसेंबर १९६१मध्ये गोव्यासाठी फौजा या भागात जमल्या तेव्हा आमच्या घरच्या बायका भाकऱ्या थापून पाठवायच्या, असं ते सांगायचे. लष्कराला सरावाला, राहायला जी जागा लागते ती त्यांचीच राहिली पाहिजे. मी बोलतोय ते त्यांना न लागणाऱ्या जागेबद्दल.

ती जागा नेमकी कुठली, हे शोधायला छावणीच्या नोंदवहीतले वर्ग समजून घ्यावे लागतात. कॅम्पातल्या जुन्या कुटुंबांना हे तोंडपाठ असतं, बाहेरच्यांना नसतं. ए-वन म्हणजे लष्कराच्या थेट वापरातली जमीन. ए-टू म्हणजे लष्करासाठी राखलेली पण तात्पुरत्या कामांना, खेळाला वगैरे देता येणारी. बी-थ्री म्हणजे ज्यावर खासगी माणसांचा ताबा आहे ती, त्यातच ते प्रसिद्ध ‘ओल्ड ग्रँट’ बंगले येतात, जमीन सरकारची आणि वरचं घर धारकाचं. बी-फोर म्हणजे कुठल्याच रकान्यात न बसणारी, बहुतेक वेळा रिकामी जमीन. आणि सी वर्ग छावणीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाकडे सोपवलेला: रस्ते, बागा, बाजार. विलीनीकरणात ज्या मालमत्तेवर नागरी सोयी चालतात ती पालिकेला फुकट मिळणार, आणि जमिनीची मूळ मालकी जिथं केंद्राची आहे तिथं ती केंद्राकडेच राहणार, असं २०२४च्या सूचनांत म्हटलं आहे. म्हणजे भांडण कुठं होणार ते उघड आहे. बी-फोर आणि ए-टू. या दोन वर्गांतले सर्व्हे नंबर आज कुणाच्या नजरेत नसतील, तर उद्या कुणाच्या तरी खिशात असतील.

किल्ल्याचंही तसंच. १२०४ सालची कमलबस्ती, आदिलशाहीतली सफा मशीद, दारातली दुर्गादेवी, विवेकानंदांच्या मुक्कामाची आठवण सांगणारा आश्रम, एवढं सगळं एका खंदकाच्या आत. १८१८ साली मन्रोच्या फौजेनं हा किल्ला घेतला, त्याला आता दोनशे वर्षं उलटून गेली. शत्रू अडवायला त्या खंदकाचा काही उपयोग उरलेला नाही. खंदकाच्या कडेनं पूर्ण फेरी मारता येईल अशी पायवाट केली, वर झाडं लावली, आत पाणी राहू दिलं, तर बेळगावच्या मुलांना एका सकाळी आठशे वर्षं चालत पाहता येतील. किल्ला तलावाकाठी ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारायला आपल्याकडे पैसे होते. पायवाटेला त्याहून कमी लागतील.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण बाग म्हटलं की लोकांना झोपाळा आणि कारंजं दिसतं. वडगावच्या एका शेतकऱ्यानं गेल्या पावसाळ्यात मला बांधावर उभं करून दाखवलं. ‘वर सगळं सिमेंट केलासा, मग पाणी जाणार कुठं? आमच्याच शिवारात येऊन बसतंय की.’ बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतं. ज्या बेळगावी बासमतीचा वास आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, तो याच शिवारातला. ऑगस्ट २०१९मध्ये तर शहरातल्याच वस्त्यांत पाणी शिरलं. कॅम्पची मोकळी लाल माती जेवढा पाऊस पिऊन घेते तेवढा खाली नाल्यात कमी जातो. ती माती झाकली की त्याची किंमत वडगावचा शेतकरी मोजणार, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसणार. बळ्ळारी नाल्याच्या नावानं कितीही कोटींची कामं काढा, वरचा उतार उघडा ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. बेळगावची पोरं पुण्याला जातात, बंगळुरूला जातात. सणाला येतात आणि चौथ्या दिवशी रात्रीच्या बसनं परत फिरतात. आमच्या गल्लीत अशी किती घरं आहेत जिथं फक्त म्हातारा-म्हातारी उरलीत, ते मोजायला बोटं पुरत नाहीत. लष्कराच्या ताब्यातली शेकडो एकर जमीन मिळवून तिथं आयटी पार्क करा, ही मागणी त्या दुःखातून आलेली आहे. तिला उडवून लावणं अन्यायाचं होईल. पण नोकरी जमिनीमुळं येत नाही. उद्यमबागेत आमच्या माणसांनी फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने उभे केले ते हातातल्या कसबावर. मच्छे, होनगा इथं औद्योगिक वसाहती आहेत. विमानसेवा टिकली, वीज आणि इंटरनेट नीट मिळालं, तर कंपनी शहराबाहेर पाच किलोमीटरवरही येते. आणि तरीही कचेऱ्या शहरातच हव्या असतील तर प्रेसिडिओचा नियम लावा: जिथं आज इमारत आहे तिथंच, तेवढीच. रिकामे पडलेले बंगले, जुन्या बराकी दुरुस्त करून द्या, भाडं बागेच्या खात्यात जमा करा. झाडाखालच्या जमिनीला हात लावू नका.

कायदा कसा करायचा, त्याचीही वाट कर्नाटकात तयार आहे. बंगळुरूच्या कब्बन पार्क आणि लालबागेसाठी या राज्यानं १९७५ साली खास कायदा केला. १९८५मध्ये उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्याचा आणखी एक कायदा आला. बागेसाठी राखलेला भूखंड खासगी इस्पितळाला देऊन टाकल्याचं प्रकरण बंगळुरूच्याच सदाशिवनगरातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१मध्ये न्यायालयानं ते वाटप रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. मुख्यमंत्र्यांचा शब्द असला तरी बाग ही रहिवाशांची, असा त्याचा अर्थ. राजधानीतल्या बागांना जे संरक्षण आहे ते बेळगावला का नसावं? वर्षातून एकदा हलग्याजवळच्या सुवर्णसौधात विधिमंडळ भरतं. त्या इमारतीसाठी इथल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तिथं बसून बेळगावच्या बागेचं एक विधेयक मंजूर करायला अडचण काय आहे? जमिनीखालचं आधी तपासून घ्यावं, एवढं मात्र त्यात लिहावं. दक्षिण कोरियातल्या सोलच्या यॉन्गसानमध्ये अमेरिकी फौजेनं रिकाम्या केलेल्या तळाची बाग करताना मातीत मुरलेल्या तेलावरून मोठा वाद झाला.

बेळगावात कुठलाही प्रश्न शेवटी भाषेच्या पाटीपाशी येतो, तेव्हा तेही बोलून टाकू. मी मराठी माणूस आहे आणि मराठीतून कागद मिळावेत ही मागणी मी आयुष्यभर करत आलो आहे. छावणी महापालिकेत गेली की सगळ्या नोटिसा फक्त कन्नडमध्ये येतील, ही कॅम्पातल्या मराठी घरांची भीती खरी आहे. विलीनीकरणाच्या करारातच त्याची हमी लिहून घ्यावी. पण जमीन वाचवायच्या कामात मराठी आणि कन्नड अशी फूट पडली तर फायदा फक्त प्लॉट पाडणाऱ्याचा होईल. रोज सकाळी माझ्याबरोबर फिरणारे दोघे कन्नड घरांतले आहेत; दोघांनाही या झाडांची तेवढीच काळजी आहे. बागेला नाव द्यायचं तर वेणुग्राम द्यावं. शिलालेखांतलं संस्कृत नाव आहे, दोन्ही भाषांच्या ओळखीचं. आणि त्या नावाला जागून एका कोपऱ्यात भरपूर वेळूची बेटं लावावीत.

सध्या मागायचं ते छोटं आहे. विलीनीकरणाचा कागद सही होण्याआधी छावणीतल्या मोकळ्या जमिनीचे सर्व्हे नंबर, त्यांचा वर्ग आणि क्षेत्रफळ मराठी आणि कन्नडमध्ये जाहीर करावं. त्याच यादीत झाडंही मोजावीत, कारण मोजणीच्या नकाशात झाड नसतं आणि जे नकाशात नसतं ते पडल्याची नोंदही होत नाही. या कामाला माणसं कमी पडत असतील तर सकाळी फिरायला येणारे आम्ही वीस-पंचवीस जण आहोत. टेप आणि वही घरची आणू. आत जायची परवानगी तेवढी मिळावी.